सौर पट्ट्यातील जमीन, जोडणी आणि करार : पावगड्याचा अनुभव व शेतकऱ्यांसाठी धडे

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याचा पावगडा तालुका बहुतेक बाजूंनी आंध्र प्रदेशाने वेढलेला आहे. वार्षिक पर्जन्यमान साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, तेही बेभरवशाचे. भुईमूग हे मुख्य कोरडवाहू पीक, भूजल खोल गेलेले आणि त्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त. अनेक वर्षे दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर होणाऱ्या या तालुक्यातून तरुणांनी कामासाठी बंगळूरची वाट धरणे ही जुनीच रीत होती. याच तालुक्यातील तिरुमणी, बालसमुद्र, वल्लूर, क्यातगानचर्लू आणि रायचर्लू या पाच गावांच्या शिवारात आज सुमारे १३,००० एकरांवर सौर पटलांच्या रांगा उभ्या आहेत. एकूण २,०५० मेगावॅट क्षमतेचे हे सौर उद्यान देशातील सर्वांत मोठ्या उद्यानांपैकी एक आहे.

पावगड्याचे वेगळेपण केवळ त्याच्या आकारात नाही. येथे जमीन संपादित केली गेली नाही किंवा विकतही घेतली गेली नाही. दोन हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी ती भाडेपट्ट्याने दिली आणि मालकी त्यांच्याच नावावर राहिली. देशात अक्षय ऊर्जेचे पट्टे विस्तारत असताना, आणि आता छोटे सौर प्रकल्प थेट गावाच्या उपकेंद्राला जोडले जात असताना, पावगड्याचा अनुभव शेतकऱ्यांनी व विस्तार कार्यकर्त्यांनी बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. भाडेपट्ट्यावर केलेली एक सही पुढील २५ ते ३० वर्षे, म्हणजे एका पिढीपुरती, जमिनीचा उपयोग ठरवून टाकते.

पट्टा ठरतो कसा?

एखादा भाग अक्षय ऊर्जेसाठी निवडताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : ऊन किंवा वाऱ्याची उपलब्धता, सलग व कमी उत्पादक जमीन, आणि तयार झालेली वीज वाहून नेणारी पारेषण व्यवस्था. पहिल्या दोन गोष्टी देशाच्या मोठ्या भागात आढळतात. खरी अडचण येते ती तिसऱ्या गोष्टीत.

सौर प्रकल्प उभारण्यास साधारणतः दीड ते दोन वर्षे लागतात. उच्च दाबाची पारेषण वाहिनी व उपकेंद्र उभे राहण्यास मात्र त्याहून बराच अधिक काळ लागतो, कारण वाहिनी शेकडो शेतकऱ्यांच्या शेतांतून, कधी वनक्षेत्रातून जाते आणि प्रत्येक ठिकाणी परवानगी व मोबदल्याचा प्रश्न उभा राहतो. प्रकल्प तयार आणि वाहिनी अपूर्ण, अशी स्थिती आली की भर दुपारी निर्मिती कमी करावी लागते. राजस्थानच्या पश्चिम भागात पारेषण क्षमता अपुरी पडल्याने हा अनुभव आलेला आहे. म्हणूनच ‘आधी मार्ग, मग प्रकल्प’ हे पट्टानिहाय नियोजनाचे मुख्य सूत्र मानले जाते.

केंद्र शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये सौर उद्यान योजना सुरू केली. तिचे आरंभीचे उद्दिष्ट २०,००० मेगावॅट होते. २०१७ मध्ये ते ४०,००० मेगावॅट करण्यात आले. जमीन, रस्ते, पाणी व वीजजोडणी एका संस्थेने तयार ठेवायची आणि विकासकांनी फक्त प्रकल्प उभारायचे, अशी या योजनेची रचना आहे. तिला पूरक म्हणून हरित ऊर्जा मार्गिका उभारल्या जात आहेत. राज्यांतर्गत मार्गिकांच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, कर्नाटक, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, तमिळनाडू व हिमाचल प्रदेश अशी आठ राज्ये होती. जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात सात राज्यांत सुमारे १०,७५० सर्किट किलोमीटर वाहिन्या उभारून २०,००० मेगावॅट अक्षय ऊर्जा जोडण्याचे नियोजन आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॅटहून अधिक अक्षय ऊर्जा क्षमता जोडण्यासाठी लागणाऱ्या पारेषण व्यवस्थेचा आराखडा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला असून त्याचा अंदाजित खर्च सुमारे २.४४ लाख कोटी रुपये आहे.

पावगड्यातील रचना

पावगडा उद्यानासाठी भारतीय सौर ऊर्जा महामंडळ आणि कर्नाटक अक्षय ऊर्जा विकास मर्यादित यांनी मार्च २०१५ मध्ये संयुक्त कंपनी स्थापन केली. या कंपनीने शेतकऱ्यांकडून जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तिची साधारण २५० मेगावॅटच्या आठ विभागांत आखणी केली आणि बहुतांश ५० मेगावॅटचे भूखंड विकासकांना उपलब्ध करून दिले. पहिले ६०० मेगावॅट २०१८ च्या आरंभी कार्यान्वित झाले आणि डिसेंबर २०१९ पर्यंत पूर्ण क्षमता उभी राहिली.

विजेचा प्रवास समजून घेतल्यास जोडणीचे महत्त्व लक्षात येते. पटलांमध्ये तयार होणारी एकदिश वीज इन्व्हर्टरमधून प्रत्यावर्ती होते. रोहित्रांद्वारे तिचा दाब वाढवून ती ६६ किलोव्होल्टवर विभागाच्या संकलन उपकेंद्रात येते. तेथे दाब २२० किलोव्होल्ट होतो आणि पुढे ४०० किलोव्होल्टच्या मुख्य उपकेंद्रातून वीज राष्ट्रीय जाळ्यात मिसळते. यांपैकी एक दुवा जरी अपुरा राहिला, तरी हजारो एकरांवरील पटले असून नसल्यासारखी होतात.

शेतकऱ्यांना ठरलेले भाडे आरंभी एकरी वार्षिक २१,००० रुपये होते. करार २८ वर्षांचा असून दर दोन वर्षांनी भाड्यात ५ टक्के वाढ ठरलेली आहे. पावसाच्या लहरीवर भुईमूग पेरणाऱ्या आणि अनेक हंगामांत बियाण्याचा खर्चही न निघणाऱ्या कुटुंबाला दरवर्षी खात्रीने मिळणारी ही रक्कम मोठा आधार वाटली, यात आश्चर्य नाही. मोठे क्षेत्र असलेल्यांनी त्यातून कर्जे फेडली, घरे बांधली, मुलांच्या शिक्षणावर खर्च केला.

भाड्याचा हिशेब : २८ वर्षांनी किती?

करार वाचताना पहिल्या वर्षीच्या रकमेकडे सर्वांचे लक्ष जाते. प्रत्यक्षात वाढीचे कलम अधिक महत्त्वाचे असते. दर दोन वर्षांनी ५ टक्के म्हणजे वर्षाला साधारण अडीच टक्के वाढ. चक्रवाढ पद्धतीने मोजल्यास २१,००० रुपयांचे भाडे २८ व्या वर्षी सुमारे ३९,६०० रुपये होईल. आकडा जवळपास दुप्पट दिसतो. परंतु महागाई दरवर्षी सरासरी ४ टक्के राहिली असे धरले, तर त्या ३९,६०० रुपयांची खरेदीशक्ती पहिल्या वर्षीच्या केवळ १३,७०० रुपयांएवढी असेल. म्हणजे भाड्याचे खरे मूल्य सुमारे एक तृतीयांशाने घटलेले असेल.

भाडेपट्टा तोट्याचा आहे, असा या हिशेबाचा अर्थ नाही. कोरडवाहू जमिनीत पिकाचे उत्पन्नही अनिश्चित असते. मात्र वार्षिक वाढ महागाईच्या जवळपास असावी, किंवा ठरावीक वर्षांनी भाड्याचा फेरविचार व्हावा, ही मागणी करार होण्यापूर्वीच करावी लागते. सही झाल्यानंतर ती संधी राहत नाही.

सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचे काय?

पावगड्याच्या अनुभवाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. भाडे मिळते ते जमिनीच्या नोंदीत नाव असणाऱ्याला, आणि तेही क्षेत्राच्या प्रमाणात. वीस एकरांच्या मालकाचे आयुष्य बदलले; दीड-दोन एकरांच्या मालकाला मिळणारी रक्कम घर चालवण्यास अपुरी राहिली. दुसऱ्यांच्या शेतावर भुईमुगाची भांगलणी व काढणी करणारे भूमिहीन मजूर, विशेषतः स्त्रिया, यांचे हंगामी काम त्या शिवारापुरते संपले. मोकळ्या रानात मेंढ्या चारणाऱ्यांची चराई कुंपणाआड गेली. पटले धुणे, गवत काढणे, राखण अशी कामे निर्माण झाली. परंतु प्रकल्प उभारणीच्या काळात लागणारे मनुष्यबळ नंतर लागत नाही आणि हजारो एकरांवरील शेतीकामांची जागा ही कामे घेऊ शकत नाहीत.

राजस्थानातील भडला येथील २,२४५ मेगावॅटचे उद्यान प्रामुख्याने शासकीय जमिनीवर उभे आहे. तेथे खासगी जमिनीच्या भाड्याचा प्रश्न फारसा येत नाही. परंतु ज्या जमिनी कागदोपत्री ‘पडीक’ असतात, त्या प्रत्यक्षात अनेकदा गुरांची चराई, सरपण आणि पाणलोट यांचा आधार असतात. पश्चिम राजस्थानातील ओरण व गोचर जमिनी, तसेच महाराष्ट्रातील गायरान जमिनी ही त्याचीच उदाहरणे होत. माळढोक पक्ष्याच्या अधिवासातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ व २०२४ मध्ये त्यावर आदेश झाले. पट्ट्याचे नियोजन करताना ओलिताची जमीन, वने, वन्यजीवांचा अधिवास, ओढे-नाले आणि सामूहिक चराईची जमीन प्रथम वगळून मगच उरलेल्या क्षेत्राचा विचार करणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

गावाच्या उपकेंद्राला जोडलेला प्रकल्प

पावगड्यासारख्या मोठ्या उद्यानातील वीज दूरच्या शहरांकडे जाते. याउलट विकेंद्रित प्रकल्पाची वीज जवळच वापरली जाते. केंद्राच्या ‘पीएम-कुसुम’ योजनेला फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या ‘अ’ घटकानुसार ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट क्षमतेचे प्रकल्प ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्राच्या साधारण ५ किलोमीटर परिघात उभारता येतात. वैयक्तिक शेतकरी, शेतकरी गट, सहकारी संस्था, पंचायती, शेतकरी उत्पादक संघटना आणि पाणी वापर संस्था स्वतः प्रकल्प उभारू शकतात. भांडवल नसल्यास जमीन विकासकाला भाड्याने देता येते. पडीक जमिनीला प्राधान्य असून लागवडीखालील जमिनीवर पटले उंच खांबांवर बसवण्याची अट आहे, जेणेकरून खाली शेती करता यावी.

महाराष्ट्रात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली जात आहे. शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर आणून पंपांना दिवसा वीज देणे हा तिचा हेतू आहे. खासगी जमिनीसाठी मुद्रांक विभागाने ठरवलेल्या किमतीच्या ६ टक्के किंवा हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भाडे म्हणून देण्याची आणि मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के सरळ वाढीची तरतूद योजनेत आहे. एकरी हिशेब केल्यास हे भाडे सुमारे ५०,००० रुपये होते. या योजनेतील पहिला, ३ मेगावॅटचा प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला.

एक मेगावॅटच्या प्रकल्पाला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते आणि त्यापासून वर्षाला सुमारे १५ ते १७ लाख युनिट वीज मिळते. भर उन्हाच्या वेळी एवढ्या क्षमतेवर पाच अश्वशक्तीचे सुमारे २०० ते २५० पंप एकाच वेळी चालू शकतात. थंडीत, काळोखात, साप-विंचवाच्या भीतीत पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासाठी दिवसाची वीज ही केवळ सोय नसून सुरक्षिततेची बाब आहे.

मात्र प्रत्येक उपकेंद्राला मर्यादा असते. रोहित्राची क्षमता किती, दिवसा त्या उपकेंद्रावर शेतीचा भार किती आणि आधी किती प्रकल्प मंजूर झाले आहेत, यावर नव्या जोडणीला वाव आहे की नाही हे ठरते. वितरण कंपन्या उपकेंद्रनिहाय उपलब्ध क्षमता जाहीर करतात. जमीन उपकेंद्रापासून जितकी दूर, तितका वाहिनीचा खर्च व विजेची गळती अधिक. म्हणून जमिनीचे भाडे ठरण्यापूर्वी उपकेंद्राची स्थिती तपासणे आवश्यक असते. जोडणीचा वाव नसताना केवळ जमीन अडकवून ठेवणाऱ्या करारात शेतकरी वर्षानुवर्षे गुंतून पडू शकतो.

शेतातून वाहिनी जाते तेव्हा

अक्षय ऊर्जेच्या पट्ट्यात प्रकल्पाला जमीन न देणाऱ्या शेतकऱ्यांचाही संबंध येतो, तो वाहिनीमुळे. पारेषण वाहिनीसाठी जमीन संपादित केली जात नाही. मनोऱ्याचे चार पाय व तारांखालचा पट्टा वापरला जातो. २२० किलोव्होल्ट वाहिनीसाठी हा पट्टा साधारण ३५ मीटर, तर ४०० किलोव्होल्टसाठी सुमारे ४६ मीटर रुंदीचा असतो. त्याखाली हंगामी पिके घेता येतात. उंच वाढणारी झाडे व बांधकाम मात्र करता येत नाही. फळबागायतदारांचे नुकसान त्यामुळे अधिक होते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला होता. जून २०२४ च्या सुधारित सूचनांमध्ये तो अनुक्रमे २०० टक्के व ३० टक्के करण्यात आला. या सूचना राज्यांनी स्वीकारायच्या असल्याने आपल्या राज्याचा चालू शासन निर्णय पाहणे गरजेचे आहे. पीक व झाडांची नुकसानभरपाई याहून स्वतंत्र असते. वाहिनीचे काम सुरू होण्यापूर्वी झाडांची संख्या, वय, पीक आणि विहीर यांचा पंचनामा छायाचित्रांसह करून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे ठरते.

शेती आणि वीज एकत्र

जमीन वीजनिर्मितीला द्यायची की शेतीसाठी ठेवायची, हा प्रश्न नेहमी ‘हे किंवा ते’ अशाच स्वरूपाचा नसतो. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॅट क्षमतेची कृषी-सौर पद्धती उभारून पटलांच्या रांगांमधील जागेत पिके घेतली आहेत. खरिपात मूग, मटकी व गवार, तर रब्बीत जिरे, इसबगोल व हरभरा अशी कमी उंचीची पिके तेथे घेण्यात आली. पटलांवरून वाहणारे पावसाचे पाणी साठवून ते पटले धुण्यासाठी व संरक्षित ओलितासाठी वापरण्याची सोयही त्यात आहे. कोरडवाहू भागात पटले धुण्यासाठी लागणारे पाणी भूजलातून उपसले जाऊ नये, या दृष्टीने ही बाब विशेष उपयुक्त आहे.

रांगांमधील अंतर, पटलांची उंची, यंत्राने मशागतीसाठी मार्ग आणि पिकाची निवड या गोष्टी आराखड्याच्या टप्प्यातच ठरवाव्या लागतात. खांब एकदा रोवले गेले की त्यांत बदल करणे खर्चिक होते. शेळ्या-मेंढ्यांच्या चराईतून गवताचे नियंत्रण करण्याची मुभा करारात असेल, तर मेंढपाळांचा हक्कही काही प्रमाणात राखला जातो.

सहीपूर्वी तपासावयाच्या बाबी

विस्तार कार्यकर्त्यांनी गावपातळीवरील बैठकीत पुढील मुद्दे एकेक करून वाचून दाखवावेत :

१. जमिनीची मोजणी, हद्दी, वारस नोंद आणि पोटहिस्से अद्ययावत आहेत काय? सर्व सहहिस्सेदारांची, विशेषतः स्त्री वारसांची संमती लेखी आहे काय?

२. जमिनीवर पीककर्जाचा बोजा आहे काय? असल्यास बँकेचे ना हरकत पत्र कोण मिळवणार?

३. उपकेंद्रात जोडणीची क्षमता मंजूर झाली आहे काय? ठरावीक मुदतीत प्रकल्प उभा न राहिल्यास करार आपोआप रद्द होईल काय? त्या प्रतीक्षाकाळाचे भाडे मिळेल काय?

४. भाडे कोणत्या तारखेपासून सुरू होते, थेट खात्यात जमा होते काय, विलंबास व्याज आहे काय? वार्षिक वाढ सरळ की चक्रवाढ?

५. विकासक जमिनीचा भाडेहक्क गहाण ठेवू शकतो काय? तसे असल्यास शेतकऱ्याची मालकी त्या गहाणातून स्पष्टपणे वगळली आहे काय?

६. प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला गेल्यास कराराच्या अटी नव्या कंपनीवर बंधनकारक राहतात काय?

७. मुदतीअखेर पटले, खांब व काँक्रीटचे पाये काढून जमीन शेतीयोग्य करून देण्याची जबाबदारी व त्यासाठीची अनामत रक्कम नमूद आहे काय? निकामी पटले २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत येतात. ती बांधावर टाकून देता येत नाहीत.

८. ओढे, पाणंद रस्ते व शेजारच्या शेतांचा पाण्याचा निचरा मोकळा राहील, असे नकाशात दाखवले आहे काय?

९. गवत काढणे, पटले धुणे व राखण या कामांत गावातील भूमिहीनांना प्राधान्य देण्याचे कलम आहे काय?

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. साध्या मुद्रांक कागदावरील संमतीपत्रावर किंवा केवळ मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून राहू नये. करार शेतकऱ्याला समजणाऱ्या भाषेत असावा आणि त्याची प्रत सही झाली त्याच दिवशी हाती यावी.

एकत्र येण्याचे बळ

सौर प्रकल्पाला सलग जमीन हवी असते. मधलाच एखादा गट नसेल तर आराखडा विस्कटतो. हीच शेतकऱ्यांची खरी ताकद आहे, पण ती एकट्याने वाटाघाटी केल्यास हातून जाते. शेजारच्या गटधारकांनी एकत्र बसून, शक्य असल्यास शेतकरी उत्पादक संघटनेमार्फत, एकच मसुदा मांडल्यास भाडे, वाढ व जमीन परत मिळण्याच्या अटी अधिक न्याय्य करून घेता येतात. संघटनेकडे भांडवल उभे करण्याची क्षमता असेल, तर लहान प्रकल्पाची मालकीच तिच्याकडे राहू शकते.

ग्रामसभेत विषय मांडताना जमीनधारकांच्या बरोबरीने मजूर, मेंढपाळ आणि स्त्रियांनाही आवर्जून बोलवावे. गावाची किती जमीन वीजनिर्मितीला द्यायची, कोणती राखून ठेवायची आणि चराईचा मार्ग कोठून जाईल, हे गावाच्या नकाशावर आधी निश्चित झाले, तर विकासकाशी होणारी बोलणी त्या चौकटीत होतात. पावगड्याच्या शेतकऱ्यांनी मालकी न सोडता जमिनीपासून उत्पन्न मिळवण्याचा मार्ग दाखवला. त्या मार्गावरील उणिवा आता समोर आहेत. पुढील करार करणाऱ्या गावांनी त्या आधीच भरून काढाव्यात, आणि त्या कामी गावाला हाताशी धरण्याची जबाबदारी विस्तार कार्यकर्त्यांची आहे.